सीझन अडला, करार संपत आला: गावाकडच्या फुटबॉलपटूनं आणि त्याच्या घरच्यांनी काय करायचं

सालदाराचं साल पाडव्याला संपतं. कपाशीचं तसं नसतं. पाऊस लांबला, मालकानं फरदड (वेचणी झालेल्या कपाशीचाच दुसरा बहर) ठेवली, की पाडवा उलटून गेला तरी शेतात बोंडं फुटलेलीच असतात. मग मालक म्हणतो, "एवढा वेचा होऊन जाऊ दे, मग पाहू." सालदार थांबतो. आणि त्या जास्तीच्या दिवसांचा चुकारा कोणत्या सालात धरायचा, यावरून पुढे पारावर भांडण होतं.

२०२० साली युरोपातल्या मोठमोठ्या क्लबांमध्ये अगदी हेच झालं. मार्चमध्ये कोरोनामुळे लीग थांबल्या. इंग्लंडची प्रीमियर लीग १७ जूनला पुन्हा सुरू झाली आणि २६ जुलैला संपली. पण खेळाडूंचे करार ३० जूनचे होते. वेचा बाकी, साल संपलेलं.

मी यवतमाळ जिल्ह्यात शाळेवर खेळ शिकवतो. आमच्याकडे कामठीसारखी फुटबॉलची जुनी परंपरा नाही. तरी खाणीच्या कॉलन्यांमधली मैदानं आहेत, त्यातून दोन-चार वर्षांनी एखादं पोरगं बाहेरच्या क्लबात जातं. कागद वाचायला त्याचे आईवडील माझ्याकडे येतात. मी वकील नाही. एका पोराचं नुकसान डोळ्यांसमोर झाल्यावर हे सगळं शिकावं लागलं. पहिल्यांदाच करार किंवा लोन हातात पडलेल्या घरांसाठी हे लिहितोय.

आधी 'लोन' म्हणजे काय ते घरात सांगा

हसू नका. त्या पोराचे वडील पहिल्यांदा माझ्याकडे आले ते घाबरून. "सर, पोट्ट्यानं लोन काढलं म्हन्ते. कितीचं काढलं? मले न इचारता?" सोसायटीच्या पीककर्जाशिवाय दुसरं लोन त्यांना माहीत नव्हतं.

मी त्यांना बैलजोडीचं उदाहरण दिलं. पेरणीला शेजाऱ्याला जोडी दिली म्हणून ती शेजाऱ्याची होत नाही. काम त्याचं, मालकी आपली, ठरल्या दिवशी जोडी परत. फुटबॉलचं लोन असंच असतं. मूळ क्लबाशी करार कायम राहतो, खेळाडू काही काळ दुसऱ्या क्लबाकडून खेळतो. फरक एकच, पण मोठा: बैलाला कोणी विचारत नाही, खेळाडूला विचारावंच लागतं. लोनच्या कागदावर दोन्ही क्लबांसोबत खेळाडूचीही संमती लागते. लोन वाढवायचं असेल तर पुन्हा लेखी संमती लागते. दोन मॅनेजरांनी फोनवर ठरवलं म्हणून लोन वाढत नाही.

पायरी पहिली: कागद काढा आणि तारखा शोधा

करार दहा-बारा पानांचा आणि इंग्रजीत असतो. सगळा समजायची गरज नाही. पेन्सिल घ्या आणि जिथे जिथे तारीख दिसेल तिथे गोल करा. साधारण तीन तारखा सापडायला हव्यात.

एक, मूळ क्लबाशी असलेला करार कधी संपतो. भारतात बहुतेक करार ३१ मे रोजी संपतात, इंग्लंडमध्ये ३० जूनला. दोन, लोनवर असेल तर लोन कधी संपतं. ते मूळ कराराच्या आधी संपतं की त्याच दिवशी, हे नीट पाहा. तीन, पगार कोणत्या तारखेला द्यायचा आहे. ही तिसरी तारीख लोक पाहतच नाहीत, आणि भांडण झालं की सगळं तिच्यावरच येऊन थांबतं.

आता 'सीझन' हा शब्द कुठे आहे ते शोधा. "३१ मेपर्यंत" असं लिहिलंय, की "सीझन संपेपर्यंत", की दोन्ही? नुसती तारीख असेल तर सामने बाकी असोत-नसोत, त्या रात्री बारा वाजता करार संपला. दोन्ही असेल तर दोन्ही बाजूंना वाद घालायला जागा राहते. त्या वादात हॉस्टेलवर अडकलेलं अठरा-वीस वर्षांचं पोरगं कधी जिंकत नाही. म्हणून सही करण्याआधीच तारीख घालून घ्या.

माझ्या ओळखीच्या त्या पोराचं काय झालं ते इथेच सांगतो. क्लबांची नावं सांगत नाही. मूळ क्लब परराज्यातला, लोनवर गेला होता खालच्या विभागातल्या एका संघाकडे. करार आणि लोन दोन्ही ३१ मे २०२० रोजी संपणार होतं. मार्चमध्ये लीग थांबली. लोनवाल्या क्लबाच्या साहेबांनी फोनवर सांगितलं, लीग सुरू होईल, थांब. वडील मला म्हणाले, "सायबानं सांगतलं ना सर, खेळ संपेपर्यंत पोट्टं आमच्याइथंच राह्यते म्हणून. मंग कायले टेन्शन?" पोरगं जूनभर हॉस्टेलवर राहिलं. तिथल्या मागच्या मोकळ्या जागेत दोघं-तिघं सराव करत होते, त्यात याचा गुडघा मुरगळला. उपचाराचं बिल कोणी द्यायचं? लोनवाले म्हणाले, लोन मेमध्ये संपलं. मूळ क्लब म्हणाला, आमचा करारही मेमध्येच संपला. त्या जूनमध्ये ते पोरगं कोणत्याच क्लबाचं नव्हतं. नागपूरला एमआरआय झाला तो कापसाच्या पैशांतून.

पायरी दुसरी: फिफा काय म्हणाली, आणि ते किती चालतं

७ एप्रिल २०२० रोजी फिफानं, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेनं, मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचा गाभा असा: सीझन लांबला तर संपत आलेले करार नव्या शेवटच्या तारखेपर्यंत वाढवावेत, आणि पुढच्या क्लबाशी झालेला करार नवीन सीझनपासून सुरू व्हावा. दोन्ही एकमेकांवर चढले तर जुन्या क्लबाला आधी आपला सीझन त्याच खेळाडूंसह पुरा करू द्यावा.

ऐकायला ठीक आहे. पण ही शिफारस होती. करार हा शेवटी त्या त्या देशाच्या कायद्यानं बांधलेला असतो आणि फिफा तो परस्पर वाढवू शकत नाही. दोन्ही बाजूंनी सही केली तरच वाढ. एखादा क्लब "फिफानंच वाढवलंय, तुला थांबावंच लागेल" म्हणाला तर ते खरं नाही. तसंच "फिफानं वाढवलंय, आता पगार मिळेलच" असं पोरानं गृहीत धरलं, तर तेही खरं नाही.

प्रत्यक्षात प्रत्येकानं आपापलं पाहिलं. चेल्सीच्या विलियननं थोड्या दिवसांची वाढ घेतली, सीझन पुरा केला आणि ऑगस्टमध्ये आर्सेनलला गेला. पॅरिसच्या कवानी आणि म्युनिए यांनी जूनअखेर क्लब सोडला. त्यांचा संघ ऑगस्टमध्ये चॅम्पियन्स लीगच्या फायनलला पोहोचला, तेव्हा हे दोघे संघात नव्हते. बोर्नमथच्या रायन फ्रेझरनंही वाढ नाकारली. आदल्या सीझनला प्रीमियर लीगमध्ये १४ असिस्ट (गोलसाठीचे शेवटचे पास) देणारा खेळाडू ऐन घसरणीत निघून गेला, आणि क्लब एका गुणानं खालच्या लीगमध्ये उतरला: बोर्नमथ ३४, वाचलेला अ‍ॅस्टन व्हिला ३५.

तेव्हा मला फ्रेझरचा राग आला होता. ज्या क्लबानं मोठं केलं त्याला अडचणीत सोडलं म्हणून. त्या गुडघ्यानंतर राग गेला. चार आठवड्यांच्या वाढीत पाय मोडला असता तर पुढच्या क्लबानं त्याला घेतलं असतं का?

लोनवाल्यांचंही पाहा. मँचेस्टर युनायटेडचा गोलकीपर डीन हेंडरसन शेफिल्डकडे लोनवर होता. त्याचं लोन सीझनअखेरपर्यंत वाढवलं. इघालो शांघायहून युनायटेडकडे आला होता, मुदत ३१ मेची. तो कागद करून ३१ जानेवारी २०२१ पर्यंत थांबला. आणि सगळ्यात मजेदार कुटिन्यो. बार्सिलोनानं त्याला बायर्नला लोनवर दिलेला, लोन वाढवूनही दिलं, आणि १४ ऑगस्टला त्यानं बार्सिलोनाविरुद्धच दोन गोल मारले. निकाल ८-२. आपलीच जोडी आपल्याच धुऱ्यावर चालून आली!

पायरी तिसरी: थांबायचं की निघायचं

घरी बसून ठरवा, फोनवर नाही. मी चार गोष्टी विचारतो. वाढीव दिवसांचा पगार लिहिलाय का? दुखापतीचा विमा त्या दिवसांना लागू आहे का? बहुतेक वेळा विम्याची मुदतही करारासोबतच संपते, आणि नुसता करार वाढवला तर विमा आपोआप वाढत नाही. तिसरी, वाढीची शेवटची तारीख लिहिलीय का, की पुन्हा "सीझन संपेपर्यंत"? आणि चौथी, पुढच्या क्लबानं बोलावलं तर हा क्लब अडवणार नाही असं लेखी आहे का?

चारही 'हो' असतील तर थांबावं. मोबदला थोडा कमी असला तरी चालेल, सामने खेळायला मिळतात, लोकांच्या नजरेत राहता येतं. विम्याचं उत्तर 'पाहू' असेल तर पोराला घरी बोलवा. फरदड ठेवू नका, बोंडअळी येते, असं कृषी विभाग दरवर्षी ओरडून सांगतो. लोभापायी ठेवलेली आणि हिशेब करून ठेवलेली फरदड यांतला फरक शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही.

एक बारकी गोष्ट राहून जाते. फिफाच्या नियमात, ट्रान्सफरची खिडकी (क्लब बदलायची ठरलेली मुदत) बंद होण्याआधी करार संपलेला असेल तर खेळाडूची नोंदणी खिडकी बंद झाल्यावरही दुसऱ्या क्लबाकडे होऊ शकते. करार खिडकी बंद झाल्यावर संपला तर पुढच्या खिडकीपर्यंत बसून राहावं लागतं. म्हणजे "दहाच दिवस वाढव" असं कोणी म्हणालं, तर त्या दहा दिवसांत खिडकी बंद होतेय का ते आधी पाहा. दहा दिवसांपायी चार महिने जाऊ शकतात. आपल्या लीगची खिडकी कधी बंद होते ते राज्य संघटनेकडे किंवा क्लबाच्या ऑफिसात विचारता येतं.

पायरी चौथी: पत्र लिहा

मुदत संपायच्या निदान महिनाभर आधी. ई-मेलनं पाठवा, लोनवर असाल तर दोन्ही क्लबांना एकाच ई-मेलमध्ये. शिवाय छापील प्रत पोस्टानं. गावात अजून लोक "रजिस्टर करून टाका" म्हणतात, पण २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टातच विलीन झालंय, तेव्हा स्पीड पोस्ट करा आणि पावती जपा. मजकूर लांब नको. मी देतो तो असा, इंग्रजीत करून घ्या:

"माझा करार ३१ मे रोजी संपत आहे. उर्वरित सामने त्यानंतर होणार असल्याचे आपण तोंडी कळवले आहे. मी थांबावे अशी आपली इच्छा असल्यास मुदतवाढीची शेवटची तारीख, मासिक मानधन, दुखापतीचा विमा व उपचाराचा खर्च, आणि राहण्याजेवणाची सोय या बाबी २० मेपर्यंत लेखी कळवाव्यात. लेखी मुदतवाढ न झाल्यास १ जूनपासून मी करारमुक्त आहे असे मी समजेन."

एवढंच. विनंती-उपकार-आभार काही नको. लोनवर असून मूळ करार अजून बाकी असेल तर शेवटचं वाक्य बदला: "लोनची मुदत संपताच मी मूळ क्लबाकडे हजर होईन." आणि खरोखर हजर व्हा. गाड्या बंद असतील तर "मी यायला तयार आहे, प्रवासाची सोय कळवा" असा ई-मेल टाका. न कळवता घरी बसलेल्या पोरावर "हजर झाला नाही" म्हणून ठपका ठेवणं क्लबाला फार सोपं जातं.

व्हॉट्सअ‍ॅपवरचा "ओके बेटा" आणि अंगठा म्हणजे मुदतवाढ नव्हे. तरी ते मेसेज पुसू नका, चॅट एक्सपोर्ट करून स्वतःलाच ई-मेल करा. फोन विहिरीत पडतात, आमच्याकडे एकाचा पडलाय.

पायरी पाचवी: सामने बंद म्हणून पगारही बंद झाला तर

सामना नाही म्हणजे पगार नाही, असं आपोआप होत नाही. करार चालू असेल तर पगार चालू. २०२० मध्ये आपल्याकडच्या एका नामांकित क्लबानं 'फोर्स मेजर', म्हणजे दैवी आपत्तीचं कलम दाखवून एप्रिलअखेरच करार संपवले होते. आपत्ती आली म्हणून ते कलम सरसकट लागू होत नाही. ज्या त्या करारावर आणि परिस्थितीवर ते ठरतं, हे फिफानंही तेव्हाच सांगितलं. तुमच्या करारात ते कलम आहे का, आणि त्यात काय लिहिलंय, ते पाहा.

असं फक्त साथीतच होतं असंही नाही. २०२५-२६ चा आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, सीझन कोणत्याही रोगाशिवाय अडला. लीग चालवणाऱ्या कंपनीचा भारतीय फुटबॉल महासंघाशी (एआयएफएफ) असलेला करार ८ डिसेंबर २०२५ ला संपणार होता, आणि तो पुढे कसा न्यायचा हे ठरेना, म्हणून ११ जुलैला कंपनीनं सीझन थांबवल्याचं कळवलं. काही क्लबांनी पगार थांबवले, काहींनी कामकाजच. शेवटी जानेवारी २०२६ मध्ये क्रीडामंत्र्यांनी १४ फेब्रुवारीपासून लीग सुरू होईल असं जाहीर केलं. तोवर खेळाडू जवळपास सहा महिने लोंबकळत होते. लीग चालवणाऱ्यांचाच करार संपतो, तिथे आपल्या पोराच्या कागदाचं काय सांगावं.

पगार थकला की क्रम असा ठेवा. पहिल्या महिन्यातच ई-मेलनं विचारा. फिफाच्या नियमाप्रमाणे दोन महिन्यांचे पगार थकले, तर क्लबाला लेखी नोटीस देऊन किमान १५ दिवसांची मुदत द्यायची, आणि तरीही पैसे आले नाहीत तर खेळाडू योग्य कारणानं करार मोडू शकतो. नोटीस आधी, निघणं नंतर. हा क्रम उलटा झाला की दोष आपल्याकडे येतो. भारतातला क्लब आणि भारतातलाच खेळाडू असेल तर तक्रार एआयएफएफच्या प्लेयर्स स्टेटस कमिटीकडे जाते. फुटबॉल प्लेयर्स असोसिएशन ऑफ इंडिया ही खेळाडूंची संघटनाही आहे, तिला आधी कळवा. परदेशी क्लबाशी वाद असेल तर फिफाचं न्यायाधिकरण आहे, तिथे दोन वर्षांच्या आत जावं लागतं. बँकेचं पासबुक भरून घ्या, आणि पगारातून टीडीएस कापल्याचं क्लब सांगत असेल तर आयकर खात्याच्या वेबसाइटवरून टीडीएसचा उतारा (२६एएस) काढून पाहा. खरंच भरला का ते तिथे दिसतं.

क्लब "करार स्थगित करू" म्हणाला तर 'स्थगित' आणि 'संपला' यांतला फरक विचारा. युक्रेनमध्ये युद्ध सुरू झाल्यावर मार्च २०२२ मध्ये फिफानं तिथल्या परदेशी खेळाडूंना करार ३० जूनपर्यंत स्थगित ठेवून दुसरीकडे खेळायची मुभा दिली. ते मूळ क्लबाचेच राहिले. स्थगितीत पगार नाही पण बंधन आहे, आणि दुसरीकडे खेळायची लेखी मुभा नसेल तर ती स्थगिती फक्त क्लबाच्या फायद्याची.

पायरी सहावी: या काळात गावात काय करायचं नाही

सीझन अडला की पोरगं घरी येतं, आणि नेमके तेव्हाच गावोगाव टुर्नामेंट असतात. रात्री फ्लडलाइटमध्ये, सेव्हन-अ-साइड, पहिलं बक्षीस एकवीस हजार, आणि मंडळाचा अध्यक्ष दारात: "भाऊ, बाहेरचा प्लेयर आला म्हन्ते तुमच्याकडं, दोनच मॅच." नाही म्हणणं फार अवघड जातं, मला माहीत आहे. पण बहुतेक करारांत दुसरीकडे खेळायला बंदी असते, आणि त्या खडकाळ मैदानावर घोटा गेला तर क्लबाला पगार थांबवायला कारण मिळतं. आमचं पोरगं आता शिटी घेऊन रेफरी होतं. मान राहतो आणि पायही.

पायरी सातवी: नवा क्लब

करार संपायला सहा महिन्यांपेक्षा कमी राहिले असतील तर खेळाडू दुसऱ्या क्लबाशी पुढच्या काळासाठी करार करू शकतो. त्याआधी नाही. एकाच काळासाठी दोन कागदांवर सही मात्र कधीच करू नका, घाईत हेच होतं. एका सीझनमध्ये तीन क्लबांकडे नोंदणी चालते, पण अधिकृत सामने दोनच क्लबांकडून खेळता येतात; २०२० मध्ये फिफानं अपवाद म्हणून तीन केले होते, तो अपवाद नेहमीचा समजू नका. पोरगं अठरा वर्षांखालचं असेल तर पालकांची सही लागते आणि करार तीन वर्षांपेक्षा लांब नसावा. कोणी 'एजंट' म्हणून आला तर फिफाचं लायसन्स विचारा, लायसन्सवाल्यांची यादी फिफाच्या वेबसाइटवर असते. "मी सगळ्यांना ओळखतो" हे लायसन्स नाही.

जुन्या क्लबातून निघताना एनओसी आणि करार संपल्याचं पत्र एकाच फेरीत घ्या. एआयएफएफच्या सीआरएस या ऑनलाइन खेळाडू-नोंदणीत आपलं नाव अजून जुन्याच क्लबाकडे दिसतंय का, तेही विचारा. आणि ओरिजिनल कागद. जन्मदाखला, दहावीची मार्कशीट, टीसी, पासपोर्ट, 'व्हेरिफिकेशनला' म्हणून जे काही क्लबानं ठेवून घेतलं असेल ते सामान बांधायच्या आधी मोजून परत घ्या. आमच्या पोराची टीसी पावणेदोन वर्षं हॉस्टेलच्या कपाटात पडून होती, आणि तोवर कॉलेजचा प्रवेश राहिला तो राहिलाच.